गाणारा, गप्प राहणारा आणि गप्पा मारणारा

‘परवा एक चित्रपट पाहिला, सहज जे वाटले ते लिहितो,’ अशी सुरुवात करून जे लिहिले जाते ती समीक्षा नव्हे, असे आमच्या काही अध्यापक-मित्रांचे ठाम मत आहे. त्यांची तक्रार आम्हांला ठाऊक आहे. विद्यार्थी मोबाइलवर अर्धा चित्रपट पाहतो, उरलेला पुढे सरकवतो, आणि ‘भारी’ किंवा ‘बोअर’ असा निकाल देऊन मोकळा होतो. अशा निकालांचा सुळसुळाट झाल्यामुळे शिस्तीने पाहणे, संदर्भ शोधणे, विचारपूर्वक लिहिणे मागे पडले, असे ते म्हणतात. म्हणून वर्गात आधी संज्ञा शिकवाव्यात, मग चित्रपट दाखवावा, आणि मत सर्वांत शेवटी मागावे, असा त्यांचा आग्रह आहे.

आम्ही येथे सहज मताची बाजू मांडणार आहोत. मात्र त्याआधी एक घोटाळा निस्तरला पाहिजे. ‘भारी’ आणि ‘बोअर’ ही सहज मते नव्हेतच. ती तयार मते आहेत. ती चित्रपटाआधीच खिशात असतात आणि चित्रपट संपला की बाहेर काढली जातात. परंतु मग ‘मातीतला’, ‘अस्सल ग्रामीण’, ‘दाहक वास्तव’, ‘लोकतत्त्वांचा कलात्मक आविष्कार’ ही आमच्या मित्रांची लाडकी विशेषणे तरी दुसरे काय आहेत? तीही तयारच. फरक इतकाच, की पहिली चहाच्या टपरीवर मिळतात आणि दुसरी परीक्षेच्या गाइडात. ‘अस्सल’ या शब्दाचे तर आम्हांला विशेष नवल वाटते. तहसील कचेरीतला कारकूनही मूळ कागद डोळ्यांखालून घातल्याशिवाय ‘खरी नक्कल’ असा शिक्का मारीत नाही. आमची समीक्षा मात्र डोंगरातली वाडी एकदाही न पाहता चित्रपटातल्या वाडीवर अस्सलपणाचा शिक्का बेधडक उठवते.

सहज मत याहून वेगळे असते. पाहणाऱ्याच्या जगण्यातली एखादी गोष्ट पडद्यावरच्या एखाद्या गोष्टीला अचानक अडते, आणि तो नकळत काही बोलून जातो. ते बोलणे बहुधा अर्धवट असते, पुष्कळदा विषयाला सोडून असते. पण ते त्याचे स्वतःचे असते. आमचे म्हणणे असे, की समीक्षेची सुरुवात तेथे होते आणि ती आम्ही शिक्षक मंडळीच खुडून टाकतो. हे आम्ही इतरांना दोष देण्यासाठी म्हणत नाही. आमच्या हातून ते घडले आहे, आणि ते कसे घडले हे सांगणे आम्हांला भाग आहे.

आम्ही ज्या भागात शिकवतो तो शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांचा. ‘धर्मवीर: मुक्काम पोस्ट ठाणे’ हा चित्रपट २०२२ साली आला तेव्हा ‘आपल्या जिल्ह्याचा चित्रपट’ म्हणून मुलांना कौतुक वाटले खरे, पण त्या नावातले ठाणे म्हणजे ठाणे शहर. आमचे ठाणे माहुलीच्या सुळक्यांपासून माळशेजच्या घाटापर्यंत पसरलेले आहे. मुरबाडला अद्याप रेल्वे नाही. शहापूरकराला आधी रिक्षाने आसनगाव गाठावे लागते आणि मग लोकल. नवा चित्रपट मोठ्या पडद्यावर पाहायचा तर आमच्यापैकी बहुतेकांना कल्याणची वाट धरावी लागते, आणि तिकिटाइतकाच खर्च जाण्यायेण्यात होतो. म्हणून आम्ही वर्गखोलीच्या खिडक्यांना काळे कापड लावून चित्रपट दाखवतो. डोळखांब, किन्हवली, टोकावडे, धसई अशा दूरच्या गावांची मुले शेवटच्या एसटीकडे डोळे लावून बसलेली असतात, त्यामुळे एकही चित्रपट एका बैठकीत संपत नाही. याचा एक फायदा असा, की पूर्वार्ध आणि उत्तरार्ध यांच्यामध्ये एक रात्र जाते, आणि दुसऱ्या दिवशी मुले काहीतरी बोलू लागतात.

काही वर्षांपूर्वी आम्ही ‘जैत रे जैत’ दाखवला. गो. नी. दांडेकरांच्या कादंबरीवरचा, जब्बार पटेलांनी दिग्दर्शित केलेला, १९७७ सालचा हा चित्रपट. कथा ठाकरांची. ज्या ठाकरांच्या वाड्या आमच्या दोन्ही तालुक्यांत आहेत, ज्यांची मुले आमच्या बाकांवर बसतात, त्यांची. भगताचा मुलगा नाग्या, त्याचा डोळा घेणारी राणीमाशी, लिंगोबाच्या डोंगरावरची पोळी उतरवण्याचा त्याचा निश्चय, आणि नवऱ्याला सोडून त्याच्यामागे उभी राहणारी चिंधी. ना. धों. महानोरांचे शब्द आणि हृदयनाथ मंगेशकरांचे संगीत यांनी तो चित्रपट कसा भारून टाकला आहे, हे वाचकांना नव्याने सांगण्याची गरज नाही. त्या वर्षीचा उत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला, आणि तो योग्यच होता. चिंधीसारखी स्वतःचे मन जाणणारी आणि त्याप्रमाणे वागणारी स्त्री मराठी पडद्यावर आजही सहसा दिसत नाही.

चित्रपटानंतर आम्ही ‘लोकतत्त्वांच्या दृष्टीने परीक्षण करा’ असा प्रश्न घातला. ठाकर समाजातल्या एका मुलीने तीनच वाक्ये लिहिली. तिच्या लिहिण्याचा आशय असा होता: नाग्या कड्यावर चढतो, पण मधाचे पुढे काय होते ते कळत नाही. आमच्याकडे मध काढतात तो मीठमिरचीची उधारी फेडायला. भाव आधी ठरतो, मग माणूस वर चढतो.

त्या उत्तराच्या समासात आम्ही लाल शाईने लिहिले: ‘विषयांतर’. गुण किती दिले ते येथे सांगण्याचे धाडस होत नाही. ज्यांनी गाइडमधला ‘निसर्ग आणि मानव यांच्या आदिम संघर्षाचे प्रतीक’ हा परिच्छेद जसाच्या तसा उतरवला होता, त्यांना मात्र आम्ही उदारपणे गुण वाटले.

ते विषयांतर नव्हते. त्या चित्रपटाविषयी आम्ही वाचलेल्या कोणत्याही लेखापेक्षा त्या तीन वाक्यांत अधिक समीक्षा होती. नाग्याच्या चढण्याला चित्रपट शपथेचा, सूडाचा, पुण्याचा अर्थ देतो; त्या मुलीने त्या चढण्याला दुकानदाराच्या वहीतली नोंद जोडली. त्यामुळे चित्रपट खोटा ठरत नाही. पण त्याने काय पाहायचे ठरवले आणि काय पाहायचे नाही असे ठरवले, ते लख्ख दिसू लागते. त्या चित्रपटातला ठाकर गातो. आनंदात गातो, दुःखात गातो, कथाही बरीचशी गाण्यांतूनच पुढे सरकते. पण मिठाचा भाव काय, उधारी किती, असले क्षुद्र बोलणे त्याच्या तोंडी फारसे येत नाही.

त्यानंतर आम्ही ‘आक्रोश’ पुन्हा पाहिला. गोविंद निहलानी यांचे हे पहिले दिग्दर्शन, १९८० सालचे. भाषा हिंदी, परंतु लेखणी विजय तेंडुलकरांची, आणि त्यातली न्यायालये, पुढारी, कंत्राटदार, वकील सगळे आमच्या ओळखीचे. लहान्या भिकू या आदिवासीवर बायकोच्या खुनाचा आरोप आहे. खरे गुन्हेगार कोण हे त्याला ठाऊक आहे, आणि तो बोलत नाही. भास्कर कुलकर्णी हा तरुण वकील हर प्रकारे विचारतो. तो बोलत नाही. अखेर बापाच्या अंत्यसंस्कारासाठी बेड्यांसह आणलेला लहान्या स्वतःच्या बहिणीवर कुऱ्हाड चालवतो, आणि मग त्याच्या गळ्यातून ती किंकाळी फुटते. ओम पुरींचा तो चेहरा विसरता येत नाही. विसरूही नये.

पण हे दोन्ही चित्रपट लागोपाठ पाहिल्यावर आमच्या मनात एक साधी गोष्ट उभी राहिली, आणि ती मांडण्यासाठीच हा लेख आहे. आमच्या डोंगरातला माणूस मराठी कलावंतांच्या हाती आला की एक तर गातो, नाही तर गप्प राहतो. तो गप्पा मारीत नाही. गाणे सुंदर आहे आणि मौन भयंकर आहे. दोन्ही थोर कलावंतांनी घडवलेली आहेत. तरीही रोज सकाळी पाणवठ्यावर, एसटीच्या थांब्यावर, रेशनच्या रांगेत, दिवाळीनंतर वीटभट्टीवर निघालेल्या टेम्पोत जो माणूस अखंड बोलत असतो, चेष्टा करीत असतो, हिशेब मांडीत असतो, पुढाऱ्याची नक्कल करीत असतो, तो यांतल्या कुठल्याही चित्रपटात मावत नाही. कातकरी कुटुंबे उचल घेऊन भट्टीवर जातात तेव्हा त्या उचलीविषयी त्यांच्यात जे बोलणे होते ते गाणे नसते आणि मौनही नसते. कोणत्या मालकाने गेल्या वर्षी विटा कमी मोजल्या, कोणाच्या भट्टीवर पाणी लांब आहे, पोराची आश्रमशाळा सोडवावी की नाही, असे ते बोलणे असते.

यावर येणारे आक्षेप आम्हांला दिसतात. पहिला असा, की चित्रपट म्हणजे गॅझेटियर नव्हे. कलाकृतीने मिठाचा भाव सांगितलाच पाहिजे असा हट्ट हा कलेवरचा अन्याय आहे. मान्य. मिठाचा भाव सांगितला म्हणून कोणताही चित्रपट चांगला होत नाही. पण आमचे म्हणणे माहितीविषयी नाही, ते अधिकाराविषयी आहे. मध्यमवर्गीय नायकाला आमचा चित्रपट भाजीचा भाव, बसचा खोळंबा, शेजाऱ्याची कुचाळी हे सारे बोलू देतो, आणि त्यातूनच तो आपल्याला माणूस वाटतो. क्षुल्लक बोलण्याची ही मुभा ठाकराला आणि कातकऱ्याला का नाही? त्यांनी तोंड उघडले की त्यातून एकदम आदिम सत्यच का बाहेर पडावे?

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. लहान्याचे मौन हीच त्या चित्रपटाची राजकीय भूमिका आहे; ज्या व्यवस्थेत बोलून उपयोग नाही तेथे न बोलणे हाच आरोप आहे, असे म्हटले जाईल. हेही आम्ही मानतो. निहलानी आणि तेंडुलकर यांनी समोर सरकारी वकील दुसाणे उभा केला आहे, जो स्वतः आदिवासी आहे, उत्तम बोलतो आणि व्यवस्थेच्या बाजूने बोलतो. त्या मौनाला त्यामुळे धार येते. पण एका चित्रपटातली ही विचारपूर्वक केलेली निवड पुढे आमच्या सवयीत कशी जिरली ते पाहा. ‘आक्रोश’वरची उत्तरे तपासताना ‘मूक समाज’, ‘ज्यांना वाचा नाही असे लोक’ हे शब्द आम्ही पानोपानी वाचले, आणि त्यांतली काही उत्तरे ज्यांच्या घरी रात्री उशिरापर्यंत गप्पा रंगतात अशा मुलांची होती. आपल्याच आईबापांना त्यांनी ‘वाचाहीन’ लिहिले, कारण तसे लिहिल्याने गुण मिळतात हे त्यांना आम्ही शिकवले होते.

मराठी चित्रपटाला साध्या बोलण्याचे कान नव्हते, असे मात्र मुळीच नाही. प्रभातचा ‘संत तुकाराम’ १९३६ सालचा. आम्ही तो दाखवला तेव्हा मुलांनी तुकारामापेक्षा जिजाईवर अधिक चर्चा केली. घरात दाणा नाही, पोर तापाने फणफणले आहे, नवरा भजनात. ती बाई कुरकुरते, करवादते, आणि अखेर चप्पल घेऊन थेट विठोबालाच जाब विचारायला देवळात जाते. तिच्या त्या बोलण्यामुळे तुकारामाच्या विरक्तीला किती किंमत मोजावी लागत होती, आणि ती कोण मोजत होते, हे कळते. व्हेनिसच्या महोत्सवात १९३७ साली त्या चित्रपटाचा गौरव झाला, त्याची कारणे परीक्षकांना ठाऊक. आमच्या वर्गातल्या एका मुलाने मात्र एवढेच म्हटले, की ती अगदी आमच्या आजीसारखी भांडते. हे सहज मत. याच्यापासून सुरुवात करून भक्ती आणि संसार यांच्यातल्या ताणापर्यंत जाता येते. उलट्या दिशेने निघाले तर आजीपर्यंत पोहोचता येत नाही.

अलीकडचे उदाहरण चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’चे. हा चित्रपट २०१४ साली महोत्सवांत आला आणि पुढच्या वर्षी चित्रपटगृहांत. ‘आक्रोश’प्रमाणे येथेही खटला आहे, आरोपी खालच्या थरातला आहे, व्यवस्था थंड आहे. पण गटारात मरण पावलेल्या सफाई कामगाराची विधवा साक्षीला उभी राहते तेव्हा ती मौन धरीत नाही आणि आक्रोशही करीत नाही. नवरा गटारात उतरण्याआधी काय करीत असे ते ती सांगते: आधी खडा टाकायचा आणि झुरळ बाहेर येते का ते पाहायचे. झुरळ आले म्हणजे आत श्वास घेण्याजोगी हवा आहे. आवाजात चढउतार नाही, डोळ्यांत पाणी नाही. आमच्या वर्गात त्या क्षणी जी शांतता पसरली ती लहान्याच्या किंकाळीनंतरच्या शांततेहून कमी नव्हती. कामाविषयीचे साधे बोलणे किती दूरवर पोहोचते, याचा याहून चांगला पुरावा आम्हांला देता येणार नाही.

नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’ तर नावापासूनच घरातल्या बोलण्यावर उभा आहे. डुकरासाठी कैकाडी भाषेत जो शब्द आहे तोच त्याने पाटीवर लावला. जब्या काळ्या चिमणीच्या मागे लागतो, नव्या कपड्यांची स्वप्ने पाहतो, मित्राशी वायफळ बडबड करतो. ती बडबड आपण ऐकलेली असते म्हणूनच शेवटचा दगड आपल्यावर येऊन आदळतो. मंगेश हाडवळे यांचा ‘टिंग्या’ (२००८) माळशेजपलीकडच्या जुन्नरकडचा. जायबंदी बैल विकावा लागणार, ही त्याची सगळी गोष्ट. पौष पौर्णिमेच्या म्हशाच्या यात्रेत ज्यांच्या घरचा बैल विकला गेला आहे अशी मुरबाडची मुले तो चित्रपट पाहताना दिग्दर्शन, छायाचित्रण यांविषयी काही बोलली नाहीत. बैल विकून परतताना दावे घरी आणतात की गिऱ्हाइकाला देतात, यावरच त्यांचा वाद जुंपला. आम्ही या वेळी ‘विषयांतर’ म्हटले नाही. त्या वादातून विकणे आणि सोडून देणे यांतला फरक मुलांनीच मांडला, आणि आम्ही नुसते ऐकत बसलो.

आता आमच्या घरच्या विषयाकडे येतो. मुरबाड तालुक्यातल्या सिद्धगडावर २ जानेवारी १९४३ रोजी भाई कोतवाल आणि हिराजी पाटील यांना हौतात्म्य आले. कोतवाल माथेरानचे, नाभिक कुटुंबातले, शिकून वकील झालेले. सावकाराच्या कचाट्यातून शेतकऱ्याला सोडवण्यासाठी त्यांनी धान्यकोठार काढले होते. ‘चले जाव’च्या लढ्यात त्यांच्या आझाद दस्त्याने मुंबईकडे वीज नेणारे मनोरे पाडले. त्यांच्यावरचा ‘शहीद भाई कोतवाल’ हा चित्रपट २४ जानेवारी २०२० रोजी प्रदर्शित झाला, आणि दोनच महिन्यांत महामारीने चित्रपटगृहे बंद झाली. आमच्या मातीतल्या माणसावर कोणी चित्रपट काढला याचा आम्हांला अभिमान आहे. पण चरित्रपट म्हटला की आपल्या सर्वांच्याच डोळ्यांपुढे मनोरे, बंदुका आणि बलिदान एवढेच येते. त्या चित्रपटाविषयी बोलताना मुरबाडकडच्या एका मुलाने विचारले, ‘सर, एवढी माणसे जंगलात लपून होती, तर त्यांना भाकरी कोण नेऊन देत होते? आणि त्या घरातले पीठ कमी झाले ते शेजाऱ्यांना कळले नसेल?’

या प्रश्नात एका कादंबरीचे बीज आहे असे आम्हांला वाटते. भाकरी थापणाऱ्या बाईने शेजारणीला काय सांगितले असेल? पाहुणे आलेत म्हणून? किती दिवस? इतिहासाला हुतात्म्यांची नावे ठाऊक आहेत, आणि ती असलीच पाहिजेत. पण लढा टिकला तो अशा खोट्या-खऱ्या गप्पांच्या आडोशाने टिकला असणार, आणि त्या गप्पा कोणी लिहून ठेवल्या नाहीत.

वीज मुंबईला जात होती, तसे आज पाणी जाते. तानसा १८९२ पासून मुंबईची तहान भागवतो आहे. पुढे भातसा आला. ही दोन्ही धरणे शहापूर तालुक्यातली, आणि त्याच तालुक्यातल्या वाड्यांवर दर उन्हाळ्यात टँकर येतो. टँकरभोवती जे बोलले जाते त्यात राग असतो, पण त्याहून जास्त विनोद असतो, आणि तो विनोद रागापेक्षा जहरी असतो. तो ज्याच्या कानावर पडला आहे असा चित्रपट आम्हांला तरी अजून पाहायला मिळालेला नाही. तो कधी निघाला तर त्यात एखादे गाणे जरूर असावे, कोणी गप्प बसलेला असला तरी चालेल. मात्र रांगेतल्या बायकांना मधेच थांबवू नये.

दिग्दर्शकांना शिकवण्याचा आमचा अधिकार नाही. साहित्याच्या अध्यापकांना मात्र आम्ही आग्रहाने सांगू इच्छितो. संज्ञा शिकवा, अवश्य शिकवा. पण त्या चित्रपटाच्या आधी शिकवू नका. विद्यार्थ्याने घरचे काही सांगितले की त्याला ‘व्यक्तिगत’ म्हणून बाजूला सारू नका. पुढे काय, म्हणून विचारा. तो ‘भारी’ म्हणाला तर थांबवा, आणि ‘अस्सल’ म्हणाला तरीही थांबवा. उत्तरपत्रिकेत मिठाचा, मधाचा, दाव्याचा उल्लेख आला तर हातातली लाल शाई क्षणभर खाली ठेवा.

ती मुलगी पुढच्या वर्षी मराठी विषयाकडे आली नाही. तिच्या अडचणी दुसऱ्याही असतील. सगळा दोष आमच्या शेऱ्यावर ढकलणे म्हणजे स्वतःला फारच महत्त्व देणे होईल. पण मधाच्या भावाविषयी तिला आणखी काय सांगायचे होते, हे आम्ही विचारले नाही, आणि आता विचारायला ती समोर नाही. यंदा आम्ही ‘जैत रे जैत’ पुन्हा दाखवणार आहोत. पहिला अर्धा भाग संपवून एसटीची वेळ होईल तेव्हा आम्ही कोणताही प्रश्न फळ्यावर लिहिणार नाही. दुसऱ्या दिवशी मुले काय बोलत येतात ते आधी ऐकू.